वीस लाखावा मजला

जोडी सापडली त्या सकाळी खटारा खड्ड्यात होता. म्हणजे खरोखरच्या खड्ड्यात. लिफ्टच्या पार तळाशी एक खड्डा असतो. लोकांच्या हातून निसटलेल्या किल्ल्या तिथे पडतात, नाणी पडतात, एकदा तर आख्खी कवळी पडली होती आणि तिचा मालक शेवटपर्यंत पुढे आला नव्हता. त्या खड्ड्यात उकिडवा बसून लिफ्टवाला खटारा स्प्रिंगांवरची काजळी पुसत होता आणि खिशातला फोन थंडी वाजल्यासारखा थरथरत होता.

वर येऊन बघतो तर फोनवरच्या गटात नुसता धुडगूस. जोडी सापडली! दातवाल्या डॉक्टरच्या यंत्राला सापडली! डॉक्टर तेव्हा कुणाच्या तरी तोंडात दोन्ही हात घालून उभा होता म्हणे, आणि आनंदाच्या भरात त्याने चुकीची दाढ काढली नाही एवढंच त्या पेशंटचं नशीब.

आता ही जोडी कसली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटायचं लग्नाबिग्नाचं काही आहे. अकरा आणि तेरा घ्या. दोघांनाही कशानेच भाग जात नाही, आणि मध्ये फक्त एक आकडा उभा. सतरा आणि एकोणीस, तसेच. यांना जुळ्या मूळ संख्या म्हणतात. शाळेत शिकवतात, आपण परीक्षा झाली की विसरतो. पण साठसत्तर माणसं अशी होती, की जी विसरली नाहीत. आपापल्या घरातली, दुकानातली, ऑफिसातली कॉम्प्युटर यंत्रं त्यांनी एकमेकांना जोडली आणि अशा जोड्या शोधायला बसली. लहान जोड्या नाहीत, अगडबंब. एक साधा आकडा घ्यायचा. त्याला दोनाने गुणायचं, परत दोनाने, परत, असं तीन लाख वेळा. जो राक्षस तयार होईल त्यातून एक वजा केला की झाला एक भाऊ, एक मिळवला की दुसरा. दोघंही मूळ निघाले तर जोडी. एकच निघाला तर त्याला काय विचारता, गेला तोही कचऱ्यात. आणि बहुतेक वेळा दोघंही फुसके निघायचे.

यातून मिळतं काय, असं खटाऱ्याला त्याच्या सासूने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, काही नाही. सासू म्हणाली, मग बरं आहे, मला वाटलं जुगार आहे.

दोनाने किती वेळा गुणायचं त्याला खरं म्हणजे घातांक म्हणतात. खटारा पडला लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘मजला’ करून टाकलं, आणि मग सगळा गटच मजला म्हणायला लागला, बाईसुद्धा. बाई म्हणजे गटाच्या सर्वेसर्वा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळा कारभार त्या जेवणाच्या टेबलावरून चालवायच्या. कुणाच्या यंत्राने कुठला आकडा तपासायचा, हे बाईंच्या घरचा कॉम्प्युटर ठरवायचा. तुमच्या यंत्राने आकडा नेला की पाच दिवसांत उत्तर आणून द्यायचं. नाही आणलं तर तो आकडा तुमच्याकडून काढून दुसऱ्याला. यात दयामाया नव्हती.

आणि नियम असा, की एका मजल्यावर जोडी सापडली की तो मजला संपला. आता नवा मजला निवडायचा.

इथेच खटाऱ्याची पंचाईत होती.

त्याचं नाव खटारा पडलं होतं ते त्याच्या यंत्रांवरून. स्वयंपाकघरामागच्या कोठीत, फडताळावर, त्याच्याकडे चार कॉम्प्युटर होते. ज्या ज्या ऑफिसातल्या लिफ्टा तो दुरुस्त करायचा त्या ऑफिसांनी टाकून दिलेले. एकाला झाकण नव्हतं. एकाचा पंखा चालू व्हायला त्याच्या कुशीत कोपर मारावं लागायचं. पण तीन लाखाच्या मजल्यावर या चारही म्हाताऱ्या धडधडत का होईना चढायच्या. सकाळी दिलेला आकडा संध्याकाळी हातावेगळा. दातवाल्याचं यंत्र तरी कुठे मोठं होतं? सापडली ना त्याला? आकडा वेळेत परत आला पाहिजे, बाकी सगळं नशीब. खटाऱ्याला जोडी सापडलीच पाहिजे असं काही नव्हतं. सापडू शकते, एवढ्यावर तो खूश होता. गट सुरू झाला त्या दिवसापासून तो त्यात होता. दिवसभर लोक त्याच्याशी फक्त दोनच वाक्यं बोलायचे, ‘कधी चालू होणार?’ आणि ‘अजून नाही झाली?’ गटात मात्र तो कुणीतरी होता.

पण मजला वाढला की आकडा जड होतो. मजला दुप्पट, तर तपासायला वेळ चौपट आणि वर थोडा. चार लाखाला त्याची यंत्रं तगली असती. दहा लाखाला एकेका आकड्याला आठवडा लागला असता, म्हणजे पाच दिवसांत उत्तर गेलं नसतं, म्हणजे बाईंच्या कॉम्प्युटरने एकेक आकडा हातातून काढून घेतला असता. खटारा बाहेर.

आणि दहा लाख हा मजला सुचवला कुणी? त्याच्या स्वतःच्या मेहुण्याने.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गटात त्याला आणलं खटाऱ्यानेच, बोटाला धरून. तेव्हा त्याला जुळ्या मूळ संख्या म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पुढे तो एका मोठ्या कंपनीत लागला आणि त्याने घरच्या कॉम्प्युटरात अशी काही ग्राफिक्स कार्डं बसवली, की खटाऱ्याच्या चारही म्हाताऱ्या दिवसभरात जेवढं दळायच्या तेवढं ती कार्डं चहा उकळेपर्यंत दळायची. तिथून त्याच्या बोलण्याला वजन आलं.

“भाऊजी, चार लाख म्हणजे बच्चों का खेल,” तो फोनवर म्हणाला. त्याला जोर आला की तो हिंदीत शिरायचा. “मोठा विचार करा.”

“करतो की. तुझ्या विजेच्या बिलाचा करतो.”

“थट्टा सोडा. दहा लाखाला मत देणार ना?”

“घरच्या माणसाला नाही देणार तर कुणाला देणार,” खटारा म्हणाला, आणि फोन ठेवून बायकोकडे बघितलं. “तुझा भाऊ मला घराबाहेर काढतोय.”

“कोठीबाहेर,” बायको म्हणाली. ती शिलाई मशिनवर कुणाच्या तरी पडद्याला झालर लावत होती. “आणि काढलं तर बरंच होईल. मला कपडे वाळत घालायला जागा होईल.”

“अगं, मी गंभीरपणे बोलतोय.”

“अहो, मी पण.”

डोकी मोजली तर हिशोब वाईट होता. गटात एका माणसाला एक मत, यंत्र केवढंही असो. दातवाल्याने चार लाख सुचवलं होतं, त्याच्यामागे छोट्या यंत्रांचे पंचवीसेक जण. बाकी सगळे मेहुण्याच्या मागे. समजावून कुणी फिरेल? छे. ज्याच्याकडे नवी गाडी आहे त्याला गल्लीत चालव म्हणून सांगून बघा.

युक्ती सुचली ती एका ऑफिसच्या इमारतीत, गच्चीवरच्या मशिनखोलीत. तिथे मोटार आहे, चाकं आहेत, ग्रीसचा वास आहे आणि कुणी साहेब येत नाही, म्हणून खटारा विचार करायला तिथेच बसायचा. त्या इमारतीत शेजारी शेजारी दोन लिफ्टा होत्या. काही वर्षांपूर्वी त्याने एक उद्योग केला होता. आपल्याला अवजारं घेऊन आरामात जाता यावं म्हणून एका लिफ्टवर कागद चिकटवला, ‘थेट सगळ्यात वर’. आख्खी गर्दी तिकडे. ज्यांना तिसऱ्या मजल्यावर जायचं तेही तिकडे. दुसरी लिफ्ट रिकामी, खटारा आणि त्याची पेटी ऐसपैस. कागद काढल्यावर कित्येक दिवस लोक ‘ती वेगवान लिफ्ट बंद का केली’ म्हणून तक्रारी करत होते.

मग त्याने मनात म्हटलं, दहा लाखाच्या शेजारी अजून एक दार उघडून द्यायचं. वीस लाख. मोठ्या यंत्रांचे अर्धे लोक हावरटपणाने तिकडे धावतील, अर्धे दहावर राहतील, आणि मधल्या मधे चार लाख पुढे निघून जाईल.

संध्याकाळी त्याने गटात लिहिलं:

‘मित्रहो, दहा लाख हा आकडा गोल आहे म्हणून सगळ्यांना आवडतो. गोल तर बटाटाही असतो. मी म्हणतो वीस लाख! सहा लाख अंकांची जोडी! कागदावर छापली तर माझ्या कोठीत मावणार नाही. उडी मारायचीच तर खिडकीतून कशाला, गच्चीवरून मारू. माझी यंत्रं तिथवर पोचणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. पण शोध काय कुणाच्या यंत्रासाठी असतो?’

शेवटची दोन वाक्यं त्याने चवीपुरती टाकली होती. बायकोला वाचून दाखवलं. तिने मशिन थांबवलं.

“हे शेवटचं काढून टाका.”

“का? तेच तर झक्कास जमलंय.”

“म्हणूनच म्हणते.”

त्याने नाही काढलं.

दुसऱ्या दिवशी दातवाल्याचा फोन. खटाऱ्याला वाटलं, आता हा शिव्या घालणार, कारण दातवाल्याला त्याने आतली गोष्ट सांगितली नव्हती. गुपित दोघांना कळलं की बातमी होते असं त्याचं मत होतं. बायकोला तो यात मोजत नसे.

“वाचलं मी,” डॉक्टर म्हणाला. आवाज जरा ओला होता. “अरे, मी चार लाख सुचवलं कारण माझं यंत्र जुनं आहे. आणि तुझं तर माझ्याहून जुनं. तरी तू असं लिहितोस?”

“अरे, लिहायला काय जातं—”

“नाही, नाही, राहू दे. मला झोप नाही लागली रात्रभर,” डॉक्टर म्हणाला आणि पुढचा पेशंट आला म्हणून फोन ठेवला.

खटाऱ्याला हे जरा खटकलं. पण त्याच दिवशी एका नर्सिंग होमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत एक नवरा आणि त्याची सासू, आणि दोघांनाही सोडवून घ्यायची घाई. खटकणं राहून गेलं.

मतदान रविवारी सकाळी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. एकेका चौकोनात एकेक तोंड. बाई मटार सोलत बसलेल्या. मेहुणा पाठीमागे कार्डांचे निळे दिवे दिसतील असा. खटारा कोठीत स्टुलावर, मागे चार म्हाताऱ्यांची धडधड. मत गुप्त. ज्याने त्याने आपल्या खोलीतून बाईंच्या पानावर खूण करायची आणि निकाल बाईंनी वाचायचा. खटाऱ्याने चार लाखावर खूण केली आणि हाताची घडी घालून बसला.

बाईंनी चष्मा चढवला.

“दहा लाख, नऊ मतं.”

नऊच? खटारा स्टुलावर सरसावला. युक्ती लागू पडली होती की! जोरात पडली होती.

“चार लाख,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी एक मटार तोंडात टाकला. “एक मत.”

“किती?” असं ओरडला तो खटाराच.

“एक. बाकी सगळी वीस लाखाला.”

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, फक्त खटाऱ्याला बघवत नव्हतं. सगळे चौकोन एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, खटाऱ्याचं ते वाचलं आणि माझी मला लाज वाटली. जहाजावरचा एक स्वयंपाकी होता, तो म्हणाला मी डोळे पुसले, आणि कांदा नव्हता कापत. गटातल्या एकीने सांगितलं की तिने ते वाक्य फ्रिजवर लावलंय. लोकांचं असं झालं होतं, की ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होणार तोच म्हणतोय वीस लाख, मग आपण कोण अडून बसणारे? मोठ्या यंत्रांचे लोक लाजेने आले, छोट्या यंत्रांचे अभिमानाने आले. एकाच्याही मनात आलं नाही की हा माणूस आपल्याला गंडवतोय. आकड्यांच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी माणसं ही. माणसाच्या बाबतीत एकदाही तपासलं नाही.

“अरे, पण मी थट्टा करत होतो!” खटारा म्हणाला.

सगळे हसले. प्रेमाने.

“बघा, बघा, आता मोठेपणा पण नको त्याला,” स्वयंपाकी म्हणाला.

“खरंच सांगतो. मला चार लाखच पाहिजे होतं.”

“पुरे आता, रडवशील,” दातवाला म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. “मला एक कळत नाही. चार लाख सुचवलं मी. मी स्वतः त्याला मत नाही दिलं. मग हा एक कोण आहे कोत्या मनाचा?”

चौकोनाचौकोनात शोध सुरू झाला. कुणीतरी मेहुण्यावर शंका घेतली. मेहुणा लालबुंद झाला. “मी? मी दहा लाख सोडून वीसला दिलं मत! भाऊजींसाठी दिलं! ज्याने कुणी चारला दिलं ना, त्याने समोर यावं!”

खटाऱ्यानेही मान हलवली. काय करतो बिचारा. म्हणाला, असतात एकेक माणसं.

बाईंच्या शेंगा संपल्या होत्या, त्या टरफलं गोळा करत होत्या.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मेहुणा. हातात पोटाशी धरलेलं मोठं खोकं, घामाने डबडबलेला. लिफ्ट बंद होती. हो, लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, त्यावर शेजारी रोज बोलायचे, तुम्ही नका बोलू.

“ताई, सरक, सरक,” म्हणत त्याने खोकं कोठीच्या उंबऱ्यावर टेकवलं. “भाऊजी, हे तुमच्यासाठी.”

आत कॉम्प्युटर होता. नवा नाही, पण खटाऱ्याच्या मानाने राजवाडाच.

“माझा जुना,” मेहुणा म्हणाला. “वीस लाखाचा आकडा चार दिवसांत काढेल. मला दुपारपासून राहवेना. तुम्ही आम्हाला वर पाठवून स्वतः खाली राहणार, हे मला नाही चालणार.” मग त्याने फडताळाकडे बघितलं आणि बाह्या सरसावल्या. “आणि हे चार डबे आज मी जाताना भंगारात देऊन टाकतो. तेवढीच ताईला जागा.”

“देव तुझं भलं करो,” बायको म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली. ती बघायला लागली की खटाऱ्याला एक्सरे काढल्यासारखं वाटायचं.

मेहुण्याने झाकण नसलेल्या म्हातारीची वायर धरली.

“हात लावू नकोस,” खटारा म्हणाला.

“अहो, आता कशाला पाहिजेत?”

“हात लावू नको म्हटलं ना! हे बघ. ते एक मत माझं होतं.”

“कुठलं एक?”

“चार लाखाचं. कोत्या मनाचं. वीस लाख मी टाकलं ते तुमची मतं फोडायला. त्याग नव्हता, बाबा. नाटक होतं. सगळेच्या सगळे तिकडे पळाले याला मी काय करू?”

मेहुणा वायर हातात धरूनच बहिणीकडे वळला. “ताई, खरं आहे?”

“मी सांगितलं होतं, शेवटचं काढा म्हणून.”

“तुला माहीत होतं?”

“अरे, मला याचं सगळंच माहीत असतं. वीस वर्षं झाली लग्नाला.” रागावली किंवा खूश झाली की तिच्या तोंडून ‘यांचं’च्या जागी ‘याचं’ यायचं. आत्ता कुठलं, ते खटाऱ्याला ठरवता येईना.

मग मेहुणा भडकला. काय काय बोलला ते सगळं सांगण्यात अर्थ नाही, पण मी दहा लाख सोडले, मी रविवारभर रडतोय, मी हे धूड चार जिने चढवून आणलं, असा एकूण सूर होता. खटारा ऐकून घेत होता. बोलणी खाणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर आलेला माणूस पहिलं वाक्य कधीच ‘थँक्यू’ म्हणत नाही.

“मी बाईंना सांगणार,” मेहुणा म्हणाला. “आत्ताच. परत मतदान. दहा लाख.”

“सांग,” खटारा म्हणाला. तो स्टुलावर बसला. परत मतदान म्हणजे दहा लाख, दहा लाख म्हणजे तो बाहेर. वीस लाख राहिलं तरी तो बाहेरच. म्हाताऱ्या वाचवल्या होत्या, पण त्यांना आता काम नव्हतं.

मेहुण्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून बाईंच्या घरातल्या नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“झालं सांगून?” बाई म्हणाल्या. “मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“‘गोल तर बटाटाही असतो’ असं लिहिणारा माणूस त्याग करत नसतो रे.”

“मग तुम्ही गप्प का बसलात?”

“मत कोण कशासाठी मागतंय हे तपासायला बसले, तर एकाचंही मत शिल्लक राहायचं नाही. तू दहा लाख मागत होतास ते काय संख्यांच्या प्रेमापोटी? तुझ्या कार्डांना तो मजला सोयीचा होता.”

बायको मागे हसली, आणि हसू लपवायला पडद्याची झालर तोंडाशी धरली.

“परत मतदान होणार नाही,” बाई म्हणाल्या. “मतं पडली ती पडली. मी दुपारी आकडेमोड केली. वीस लाख वेडेपणा आहे, पण अशक्य नाही. खटाऱ्या, तिथे आहेस ना?”

“आहे, बाई.”

“तुला शिक्षा करायला पाहिजे.”

“हो, बाई.”

“चाळणी तुझ्याकडे.”

चाळणी म्हणजे असं, की मजल्यावरचे सगळेच आकडे तपासत बसायचे नसतात. एखाद्याला सातानेच भाग जात असेल तर त्याच्यावर दिवसच्या दिवस कशाला घालवा? म्हणून आधी चाळायचं. साताने जातो का, अकराने जातो का, असं करत करत पार अब्जावधींपर्यंतच्या संख्या लावून बघायच्या. ज्याला भाग गेला तो आकडा खाली गळाला, कायमचा. वर जे उरतील तेवढेच तपासायचे. आत्तापर्यंत हे काम बाई एकट्याच करायच्या, कारण दुसऱ्या कुणाला नको असायचं. चाळणीत काही सापडत नाही. चाळणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही. तो फक्त टाकत राहतो.

“पण माझी यंत्रं, बाई? वीस लाखाला?”

“चाळणीला मजल्याचं ओझं होत नाही. तीन लाख काय, वीस लाख काय, जवळजवळ सारखंच. तपासणीला होतं. तुझ्या डब्यांना हे जमेल, सावकाश जमेल. आणि मजला एवढा वर आहे, की एकेक आकडा गळाला तर कुणाचे तरी दिवसच्या दिवस वाचतात. म्हणून खोलवर चाळायचं. चाळून होईपर्यंत तपासणी सुरू करायची नाही. कुणीच.”

“कुणीच?” मेहुणा फोनवर वाकला. “म्हणजे माझी कार्डं?”

“ती तपासतात चांगली. चाळायचा प्रोग्रॅम त्यांच्यासाठी कुणी लिहिलेला नाही. लिहितोस?”

मेहुणा काहीतरी पुटपुटला. लिहिणं त्याचं खातं नव्हतं.

“मग बाकीचे लोक आपापली साधी यंत्रं घेऊन हळूहळू येतील. सुरुवात खटारा करेल आणि तुकडे वाटून देईल. एक वर्ष धरा, कदाचित जास्त. पाच दिवसांची अट नाही. आणि हे बघ खटाऱ्या, एका आकड्यातही चुकलास, चांगला आकडा टाकलास, तर ती जोडी पुन्हा कधीच कुणाला सापडणार नाही. कळलं?”

“कळलं, बाई.”

“थट्टा नको.”

“नाही, बाई.”

फोन बंद झाला. मेहुणा उभ्यानेच खोक्यावर टेकला. त्याच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला दिसत होता. वर्षभर सगळी कार्डं थंड, आणि सगळ्या गटाची वाट अडवून बसलेले हे चार डबे. हे डबे जेवढे हळू, तेवढी तपासणी लांब.

“भाऊजी,” तो शेवटी म्हणाला, “मी आणलेल्या या यंत्रावर चाळणी चालेल?”

“चालेल की.”

“मग मी घरी नेत नाही. इथेच लावतो. लवकर उरकेल.”

“आणि भंगार?”

“भंगाराचं नंतर बघू.”

त्याने खोक्यातून कॉम्प्युटर काढला आणि फडताळाच्या खालच्या कप्प्यात सरकवला, कारण वर जागा नव्हती. वायर पुरेना. बायकोने शिलाई मशिनची जोडवायर आणून दिली आणि बजावलं, की उद्या सकाळी नऊला परत पाहिजे, नाहीतर पडद्याचं गिऱ्हाईक तुमच्या घातांकाला येऊन भेटेल. खटाऱ्याने तिसऱ्या म्हातारीच्या कुशीत कोपर मारलं, पंखा फिरायला लागला, आणि तो तुकडे वाटायला बसला.

चाळणीची एक गंमत असते. सुरुवातीच्या, छोट्या संख्यांनी भरभरून आकडे गळतात, पाऊस पडल्यासारखे. पुढे पुढे संख्या मोठ्या होत जातात आणि तासन् तास काही गळत नाही. खटाऱ्याने पहिला तुकडा आपल्या चार म्हाताऱ्यांना दिला. मेहुण्याला कुठून तरी लांबचा दिला, अब्जांच्या पलीकडचा.

“हा अवघड आहे का?” मेहुण्याने जमिनीवर मांडी घालत विचारलं.

“छे. तुझ्या यंत्राला शोभेल असा आहे.”

वरच्या पडद्यावर आकडे भराभर गळायला लागले. गेला, गेला, गेला. खालच्या पडद्यावर नुसतीच एक रेघ लुकलुकत होती. मेहुणा तिच्याकडे टक लावून बसला. मग त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं.

“भाऊजी, तुमचे एवढे कसे गळतायत? माझा अजून एकपण नाही.”

“अनुभव असतो,” खटारा म्हणाला. “बस तू.”